नवे जनावर दावणीला बांधण्यापूर्वी



गेल्या रविवारी सकाळी बिद्रीत घरी बसलो होतो. पलीकडच्या गावचा एक मुलगा मोटारसायकलवर आईला मागे बसवून आला. मुलगा शिकलेला, घरी तीस-पस्तीस गुंठे ऊस, दारात दोन म्हशी. चहा व्हायच्या आतच त्याने मोबाईल पुढे केला आणि एका जनावराचा चलच्चित्रपट दाखवला. उंच मान, मोठे डोळे, अंगावर मऊ लोकर, चाल ऐटबाज. म्हणाला, "साहेब, ह्याला लामा म्हणतात. अमेरिकेत लोक पाळतात. लोकर विकायची, पिलं विकायची. आगाऊ रक्कम भरली की सहा महिन्यांत जोडी घरपोच देतो म्हणतंय एकजण. तुमचं काय मत?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात त्याच्या आईने विचारले, "सायेब, ह्येचं दूध किती निगतंय?"

"वहिनी, दूध पिलापुरतंच असतं."

"मग शेण?"

"शेण म्हणजे शेळीसारख्या लेंड्या. सगळी एकाच जागी टाकतात, एवढं खरं."

"आन् म्हातारं झालं, भाकड झालं, तर हेडी घेतोय का त्येला?"

मुलगा हसला. "आई, तुला सगळीकडं म्हसरंच दिसत्यात."

मला मात्र हसू आले नाही. कृषी पदवीधर होऊन इतकी वर्षे विस्तार अधिकारी म्हणून काम केले, पण या माऊलीने पाच मिनिटांत जे विचारले ते मी एकदा, फार महत्त्वाच्या वेळी, विचारायला विसरलो होतो. त्याची किंमत मला नव्हे, दुसऱ्याला मोजावी लागली. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी लामाची ओळख करून घेऊ या.

लामा म्हणजे काय?

लामा हा उंटाचा भाऊबंद, पण पाठीवर मदार नाही. त्याचे घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या अँडीज पर्वतावर. समुद्रसपाटीपासून साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, थंड आणि विरळ हवेत तो हजारो वर्षे माणसाबरोबर राहत आला आहे. पूर्ण वाढलेला लामा साधारण १३० ते २०० किलोंचा. पाठीवर २५-३० किलो ओझे घेऊन डोंगर चढतो. तिथल्या लोकांना त्याचे ओझे, लोकर, मांस, कातडे, एवढेच काय वाळलेल्या लेंड्यांचे जळणही उपयोगी पडते. म्हणजे आपल्याकडे जे म्हशीचे आणि शेळीचे स्थान, तेच तिथे लामाचे.

मादी सुमारे साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिलू देते. खाणे त्याच्या अंगाच्या मानाने थोडे, म्हशीच्या कितीतरी कमी. स्वभाव शांत, पण चिडला तर तोंडावर थुंकतो. कळपात राहणारे जनावर असल्याने एकटे बांधून ठेवले तर खंगते. अमेरिकेत काही मेंढपाळ मेंढरांच्या कळपात एखादा लामा सोडतात. कोल्हा-कुत्रे आले की तो अंगावर धावून जातो. आपल्या धनगराची कुत्री तेच काम करतात.

तेव्हा जनावर वाईट नाही. पण त्याची जाड लोकर थंडीसाठी आहे. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याला धाप लागणार. त्यानंतर जूनपासून आपल्या दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातला पाऊस. चिखलात पाय कुजणे, ओल्या गवतातून पोटात जाणारे जंत आणि यकृतातले चपटे कृमी यांनी आपली मेंढरेसुद्धा हैराण होतात. लामालाही हे कृमी सोडत नाहीत.

आता लोकरीचे पाहू. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी एके काळी घरोघरी होती. आज त्या लोकरीला असा भाव आहे की पुष्कळ ठिकाणी मेंढी कातरण्याची मजुरीही त्यातून निघत नाही. धनगराला लोकर कुठे टाकावी हा प्रश्न पडतो. दारातल्या मेंढीच्या लोकरीला जिथे गिऱ्हाईक नाही, तिथे दहा हजार मैलांवरून आलेल्या जनावराच्या चार-दोन किलो लोकरीला गिऱ्हाईक कोण शोधणार? ते सूत कातायला गिरणी कुठे आहे?

अमेरिकेत काय झाले?

मुलाचे म्हणणे असे की अमेरिकेत लोक लामा पाळतात, मग ते काय वेडे आहेत? वेडे नाहीत; पण फसले तेही. १९८० नंतरच्या दहा वर्षांत तिकडे लामाची मोठी लाट आली. जनावरे थोडी आणि घेणारे फार, त्यामुळे लिलावात एकेका निवडक नराला लाखावर डॉलर मोजले गेले. लोकांनी पाळले, पिले वाढवली, पिले विकली. घेणारा कोण? तर पुढचा हौशी पाळणारा. लोकर विकून किंवा ओझे वाहून एवढी किंमत कधी वसूल होणारच नव्हती. जनावरे वाढत गेली, नवे हौशी संपत आले, आणि भाव कोसळले. अमेरिकेच्या कृषिगणनेत २००२ साली १ लाख ४५ हजारांच्या घरात असलेले लामा २०१७ साली चाळीस हजारांच्या आसपास उरले. मधल्या काळात लोकांनी लामा फुकट द्यायला काढले, तरी घेणारा मिळेना.

लामाचाच धाकटा भाऊबंद अल्पाका. त्याचीही अशीच लाट आली. कॅलिफोर्निया विद्यापीठातले टीना सैटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली लेख लिहून सांगितले होते की अल्पाकाच्या लोकरीचे मोल पाहता त्याची बाजारातली किंमत टिकणारी नाही. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

आपल्या दारातला एमू

अमेरिकेचे राहू द्या. आपल्याकडे एमू आला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. एमू हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, पाच-साडेपाच फूट उंच, उडत नाही. मादी हिवाळ्यात गडद हिरवी, अर्ध्या किलोच्या वर वजनाची अंडी घालते आणि नर ती सात-आठ आठवडे उबवतो. मांसात चरबी कमी, चरबीचे तेल औषधी, कातडे मौल्यवान, पिसे शोभेची, अशी सर्वगुणसंपन्न जाहिरात होती. २००५ नंतर आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रात एमूपालनाची केंद्रे निघाली.

त्या वेळी मी दुसऱ्या तालुक्यात होतो. साल २००९. तिथला एक कष्टाळू शेतकरी छापील पुस्तिका आणि प्रकल्प अहवाल घेऊन माझ्याकडे आला. दहा जोड्या घ्यायच्या, कर्ज काढायचे. म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले. एवढं बघून सांगा, मग पुढं जातो."

मी अहवाल मनापासून तपासला. शेडची जागा, कुंपणाची उंची, खाद्याचे प्रमाण, अंड्यांची संख्या, पिले निघण्याची टक्केवारी, सगळे पाहिले. एकदोन चुका होत्या त्या दुरुस्त केल्या आणि सांगितले, "आकडे बरोबर आहेत."

आकडे बरोबरच होते. पण शेवटच्या पानावर 'पक्ष्यांची विक्री' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे मोठी रक्कम. ती रक्कम कोण देणार, हे मी विचारले नाही. त्यानेही विचारले नाही. पुस्तिकेत लिहिले होते की पिले कंपनीच परत घेणार.

त्याने दारातल्या दोन दुभत्या म्हशी विकल्या, उरलेल्यासाठी कर्ज काढले. लोखंडी जाळीचे उंच कुंपण झाले. पक्षी आले, तेव्हा गाव बघायला लोटले. पहिल्या वर्षी थोडी पिले कंपनीने नेली, पैसेही दिले. दुसऱ्या वर्षी "पुढच्या महिन्यात नेतो" असे झाले. तिसऱ्या वर्षी फोन लागेना.

आता हिशेब पाहा. मोठा एमू दिवसाला पाऊण किलोच्या आसपास खाद्य खातो. वीस पक्षी म्हणजे रोज १५ किलो, महिन्याला साडेचार क्विंटल. किलोला १५ रुपये धरले तरी महिन्याला ६,७५० रुपये. पक्षी विकला जावो न जावो, सकाळी तो भुकेलेला उभाच. गावात कापून विकावा तर घेणारे नाहीत. मोकळा सोडावा तर शेजाऱ्याच्या पिकात. वरून कर्जाचा हप्ता. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "भाऊ, म्हशी होत्या तवा दहा दिसांनी डेअरीचं बिल हातात यायचं. मिठा-मिरचीला कुणाम्होरं हात पसराय लागत नव्हता." ती मला दोष देत नव्हती. तिने तसा दोष दिला असता तर बरे वाटले असते.

हे एकट्या त्याचे झाले नाही. तामिळनाडूत इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुरईच्या सुसी एमू फार्म्सची योजना त्या काळी गाजली. दीड लाख रुपये भरा, सहा पिले घ्या, दरमहा सहा हजार रुपये संगोपनाचे आणि वर्षाला वीस हजार बोनस घ्या, दोन वर्षांनी दीड लाख परत. वर्षाचे झाले ९२ हजार, म्हणजे शेकडा साठाच्या वर. कोणता धंदा एवढे देतो? पहिल्यांचे पैसे मागून येणाऱ्यांच्या पैशांतून चालले होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ती कंपनी बंद पडली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. हजारो पक्षी उपाशी राहिले, शेवटी सरकारला त्यांच्या खाद्याची व्यवस्था करावी लागली. महाराष्ट्रातही कित्येकांनी पक्षी मोकळे सोडले.

फसगतीचे गणित

हे गणित मुलांना घेऊन कागदावर मांडून पाहा. एका घराकडे पाच जोड्या आहेत. वर्षाला जोडीमागे वीस पिले जगली, तर शंभर पिले झाली, म्हणजे पन्नास जोड्या. प्रत्येकाने पाच जोड्या घ्यायच्या तर दहा नवी घरे पाहिजेत. त्या दहा घरांची पिले घ्यायला शंभर घरे पाहिजेत. शंभरांना हजार, आणि हजारांना दहा हजार घरे. चौथ्या फेरीला तालुका संपला! आणि इतके होऊन त्या पक्ष्याचे मांस एकाही घरात शिजलेले नाही. ज्याने सुरुवातीला विकले तो कमावून गेला. शेवटच्या फेरीत ज्याने घेतले त्याच्या दारात पक्षी उरले.

तुम्ही म्हणाल, एमू परका होता म्हणून असे झाले. तर मग कडकनाथचे पाहा. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली आपली देशी कोंबडी. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. काटक पक्षी, मांसाला चव, खाणारे गिऱ्हाईकही आहे. तरीसुद्धा २०१९ साली इस्लामपूर भागातून चाललेल्या योजनेत सांगली-कोल्हापूरसह किती तरी शेतकरी पोळले. पक्षी कंपनीचा, अंडी घेणार कंपनीच, भाव ठरवणारही तीच. कंपनीने हात वर केल्यावर गावच्या बाजारात त्या भावाला अंडे घेणारा एक नव्हता. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. कोंबडीचा यात काही दोष नव्हता. विकणारा आणि परत घेणारा एकच असला, की तो गेल्यावर आपल्याला दुसरे दार राहत नाही.

मग नवे काही करूच नये काय?

असे मी म्हणणार नाही. आज आपल्या दारात दिसणारी मुऱ्हा म्हैस हरियाणाची, मेहसाणा गुजरातची. संकरित गाईत होल्स्टीनचे रक्त, ते तर थेट युरोपातले. पन्नास वर्षांपूर्वी संकरित गाय आली तेव्हाही जाणती माणसे माना हलवीत होती. पण ती टिकली. का टिकली? उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बायफ' संस्था काढली, तिच्या माणसांनी घरोघरी जाऊन कृत्रिम रेतन केले. आपल्याकडे १९६३ साली जिल्हा दूध संघ उभा राहिला, तोच आजचा गोकुळ. गावात डेअरी, डेअरीत फॅटचे माप, दहा दिवसांनी बिल, आजारी पडले तर डॉक्टर, कारखान्याच्या हंगामात वाडे, आणि शेण उसाला. जनावर भाकड झाले तर बाजारात म्हशीला हेडी आहे. म्हैस आपल्याला परवडते ती एकट्या दुधावर नव्हे. तिच्यामागे एवढी सगळी माणसे उभी आहेत म्हणून परवडते.

दुसरे उदाहरण फलटणचे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली 'गरोळ' ही लहानखुरी मेंढी आणली. तिच्यात जुळी कोकरे देणारा आनुवंशिक गुण आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. संस्थेने १९९० च्या दशकापासून संकर करीत, पिढ्यामागून पिढ्या तपासत, धनगरांच्या कळपात राहून काय होते ते पाहत 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. ध्यानात घ्या, यात गिऱ्हाईक नवे शोधायचे नव्हते. मटणाचा बाजार होताच. त्याला एकाऐवजी दोन कोकरे मिळाली. आणि चुकत-माकत शिकण्याचा खर्च संस्थेने सोसला, धनगराने नव्हे.

गोठ्याच्या भिंतीला लावायचे प्रश्न

तेव्हा कोणी नवे जनावर किंवा पक्षी घ्या म्हणून आला, तर पुढील प्रश्न त्याच्यापुढे ठेवा. हा भाग कापून गोठ्याच्या भिंतीला चिकटवला तरी चालेल.

१. शेवटचे गिऱ्हाईक कोण? हे दूध कोण पिणार, मांस कोण खाणार, लोकर कोण विणणार? 'दुसरा पाळणारा घेईल' हे उत्तर आले की तिथेच उठावे.

२. विकणारा सोडून आणखी दोघे घेणारे आहेत का? त्यांच्या दुकानी स्वतः जाऊन भाव विचारावा. जाहिरातीतला भाव हा भाव नव्हे.

३. तीन वर्षे पाळलेला माणूस दाखवा. पहिल्या वर्षाच्या माणसाकडे सगळे गोडच असते. आणि ज्याने पाळून सोडून दिले, त्यालाही शोधून काढावे. तो खरे सांगतो.

४. आपल्या हवेत टिकते का? एक उन्हाळा आणि एक पावसाळा आपल्याच भागात काढलेले जनावर पाहावे. दुसऱ्या भागातला दाखला उपयोगाचा नाही.

५. डॉक्टर आणि औषध आहे का? सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधी भेटावे. '१९६२' या क्रमांकावर फोन करून फिरत्या दवाखान्यालाही विचारावे. या जनावराचा विमा उतरतो का, हे विमा कंपनीकडूनच लेखी घ्यावे.

६. कागद आहेत का? परदेशातले जिवंत जनावर आणायचे तर केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाचा परवाना, आरोग्याचा दाखला आणि आल्यावर वेगळे ठेवून तपासणी लागते. विकणाऱ्याकडे ते कागद नसतील तर जनावर चोरवाटेने आले आहे, किंवा मुळात आलेलेच नाही.

७. आगाऊ रक्कम का? जनावर डोळ्यांनी न पाहता पैसे देणे म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. करारपत्र घरी आणून शिकलेल्या माणसाकडून, शक्य तर वकिलाकडून, वाचून घ्यावे. कंपनी बंद पडली तर काय, हे त्यात शोधावे.

८. विकले नाही तर रोज काय खाणार? वर मांडला तसा महिन्याचा खाद्याचा हिशेब मांडावा. सहा महिने एक पैसा आला नाही तरी तो खर्च घरातून निभेल का, ते पाहावे.

९. शेण कोण काढणार? हा प्रश्न घरातल्या बाईला विचारावा, कारण पहाटे गोठ्यात तीच जाते. तिचा होकार नसेल तर व्यवहार करू नये.

१०. बुडाले तर काय उरेल? जेवढी रक्कम बुडाली तरी दारातली म्हैस दावणीलाच राहील, तेवढीच घालावी. जमीन तारण ठेवून आणि दुभते जनावर विकून नवा प्रयोग करू नये. दहा जोड्यांऐवजी एक जोडी घ्यावी. एका जोडीने जे शिकवले नाही ते दहा जोड्या शिकवत नाहीत.

या दहांपैकी एकाचेही उत्तर 'ते पुढं बघू' असे आले, तर तुम्हीही पुढेच बघावे.

पुढे काय झाले

तो एमूवाला शेतकरी मला मधूनमधून भेटतो. पक्षी संपले, कर्ज मात्र लवकर संपले नाही. ते फिटायला आठ वर्षे लागली. त्यासाठी मुलाचे शिक्षण एक वर्ष थांबले होते. आज त्याच्या दारात पुन्हा तीन म्हशी आहेत. एमूसाठी केलेली ती उंच जाळी अजून उभी आहे. त्यावर बायकोने दोडका आणि कारली चढवली आहेत. मागच्या खेपेला गेलो तेव्हा पिशवीभर दोडके हातात ठेवत ती म्हणाली, "घ्या भाऊ, तुमच्या हिशेबातलं एवढंच पिकलं." ती हसून बोलली, तरी मला मान वर करता आली नाही.

म्हणून रविवारी त्या मुलाला मी 'घे' किंवा 'घेऊ नको' असे काहीच सांगितले नाही. वरचे दहा प्रश्न कागदावर उतरवून दिले आणि म्हटले, "आधी त्या माणसाला पहिला प्रश्न विचार. उत्तर आलं की मला सांग. परवान्याचे कागद दाखवले तर मी स्वतः तुझ्याबरोबर बघायला येतो."

बुधवारी त्याचा फोन आला. "साहेब, विचारलं. लोकर कोण घेणार म्हटल्यावर तो म्हणाला, आमचे दुसरे मेंबर घेतात. परवान्याचं विचारलं तर म्हणाला, बुकिंग आज संपतंय, आधी पैसे टाका."

"मग?"

"मग आईनं फोन काढून घेतला हातातनं. म्हणाली, आपली थोरली म्हस गाभण हाय, तिच्या रेडकासाठी आधी गोठ्याचं छप्पर नीट कर."

छप्पर कसे करावे, गव्हाण किती उंच असावी आणि पावसाळ्यात गोठा कोरडा कसा ठेवावा, ते मी त्याला सांगितले आहे. पुढच्या अंकात तुम्हालाही सांगतो.